पडद्यावरचा बांध

माझे वडील, अण्णा, हल्ली नातीच्या व्हिडिओ गेमवर शेती करतात. तळहाताएवढ्या पडद्यावर पोपटी चौकोन असतात. बटण दाबलं की नांगरट होते, पुन्हा दाबलं की पाणी. मिनिटांत दिवस मावळतो आणि चकचकीत कोबी तयार होतो. कीड नाही, भाऊबंदकी नाही. इतकं गोंडस शेत मला उगाच भेसूर वाटतं.

काठाची एक ओळ मात्र अण्णा पडीक ठेवतात.

"इथे का नाही पेरत?"

"बांध आहे तो."

गावी त्यांनी वीतभर बांध कोरला, म्हणून धाकटे काका त्यांच्याशी बोलेनासे झाले. न बोलताच गेले.

"अण्णा, इथे पलीकडे कोणी नाहीये."

"गावी तरी कोण आहे आता?" म्हणाले, आणि ती ओळ सोडून पाणी देत राहिले.