रंजनाच्या ड्युट्या

माझ्या नवऱ्याला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं घरात कोणालाच नाही. आईला नाही, भावाला नाही. आज ते सगळं सांगायचं ठरवून बसले आहे. मधे अडखळले तर समजून घ्या की शब्द शोधते आहे. माघार घेणार नाही.

ब्रह्मपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी बारा वर्षांपासून आहे. डॉक्टर नवरा-बायको, वीस खाटा, अकरा जणांचा स्टाफ. आधी मी काउंटरवर केसपेपर काढायची. ते काम अजूनही करते, पण दोन वर्षांतच डॉक्टर मॅडमनी ड्युटीचा चार्टही माझ्याकडे दिला.

तीन रकाने आणि अकरा माणसं — यात अवघड ते काय, असं मलाही वाटलं होतं. सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, रात्र आठ ते सकाळी आठ. पण त्या अकरा जणांत एकीचं लेकरू अंगावर पिणारं, एकाची परीक्षा, एकीच्या गावाला जाणारी शेवटची एसटी पावणेआठला. पावसाळ्यात रोवणी लागली की अर्ध्या मावश्या धानाच्या बांधीत. दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा आणि नाटकं सुरू झाली की सगळ्यांच्याच घरी पाहुणे. रस्त्यावर वाघ दिसल्याची बातमी आली की तिकडच्या बायांना अंधार पडायच्या आत सोडावं लागायचं. महिन्याच्या पंचवीस तारखेला मी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसायची. एक नाव हलवलं की सहा नावं हलायची.

पण मला ते जमलं. मी नियम केला, ज्याचा सण त्याला सुट्टी. ईदला शबाना घरी, महालक्ष्म्यांना पुष्पाबाई घरी. महिना संपला की प्रत्येकाच्या ड्युट्या मोजून चार्टखाली लिहायची: सकाळच्या इतक्या, दुपारच्या इतक्या, रात्रीच्या इतक्या. सगळ्यांच्या सारख्या. ‘वानखेडे मॅडमच्या चार्टवर भांडण होत नाई,’ असं स्टाफ म्हणायचा. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

आता थोडं मागे जावं लागेल.

मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात, दुपारी डबे उघडले तेव्हा पुष्पाबाईंनी — त्या आमच्याकडच्या सर्वांत जुन्या सिस्टर — भाजी माझ्यापुढे सरकवत विचारलं, “वानखेडे म्हणजे आमच्यातलेच ना जी? कुणबी?”

मी म्हटलं, “हो.”

आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आमच्या घरात दोनच फोटो, आणि दोन्हींसमोर माझ्या बाबांनी एक दिवसही मेणबत्ती चुकवली नाही. वानखेडे हे सासरचं आडनाव. ते इकडेही असतं, तिकडेही असतं. त्या आडनावाच्या आड मी उभी राहिले. पुष्पाबाईंनी मला धमकावलं नव्हतं. हसून विचारलं होतं. मी खोटं बोलले, कारण खोटं बोलणं सोपं होतं — दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

तीन वर्षांनी रंजना रामटेके सिस्टर म्हणून आली. दहा-बारा किलोमीटरवरच्या गावातून एसटीने यायची. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना मोकळ्या आवाजात ‘जय भीम’ केला. मलाही केला. मी ‘नमस्कार’ म्हटलं.

मार्चमध्ये ती चौदा एप्रिलची सुट्टी मागायला आली. मी तिला त्या दिवशी सकाळची ड्युटी लावली. ती चार्ट बघून परत आली.

“सगळ्यांच्या सणाले सुट्टी देता मॅडम, मंग माझ्याच सणाले काऊन नाई?”

“कोणीतरी लागतंच ना,” मी म्हटलं.

खरं कारण काय होतं? तिला सुट्टी दिली असती तर कोणी सहज विचारलं असतं का, की मॅडम, तुम्हीही घेणार का? कोणीच विचारलं नसतं. पण मी त्या प्रश्नाला इतकी घाबरत होते की दर चौदा एप्रिलला मी स्वतः मुद्दाम दवाखान्यात हजर राहायची. माझा आणि त्या दिवसाचा काही संबंध नाही, हे दाखवायला. बाबा गावातल्या लोकांसोबत ब्रह्मपुरीच्या रॅलीला यायचे. दवाखान्यात येऊ नका, गर्दी असते, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी कधीच विचारलं नाही.

पुढच्या वर्षी रंजनाने सुट्टी मागितली नाही. तिने शबानाशी ड्युटी बदलून घेतली, दोघींच्या सह्यांचा कागद आणून दिला. मी सांगितलं की सणाच्या दिवशी बदली चालत नाही. असा नियम नव्हता. तो मी त्या क्षणी केला.

त्या चौदा एप्रिलला ऊन भयंकर होतं. रॅली समोरच्या रस्त्यावरून गेली. साडेअकराच्या सुमारास शरबत वाटणाऱ्या दोन बाया एका म्हाताऱ्या माणसाला ऑटोत घालून घेऊन आल्या. पांढरा सदरा, गळ्यात निळा दुपट्टा, मान एका बाजूला पडलेली. डॉक्टर सर काउंटरजवळच उभे होते. “केसपेपर काढा लवकर,” ते म्हणाले.

ते माझे बाबा होते.

काउंटरवर मी, बाजूला पुष्पाबाई, मागे सर. बाबांना खुर्चीवर बसवलं होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी माझ्या चेहऱ्यावर काय दिसतंय ते वाचलं.

“नाव सांगा,” मी म्हटलं. माझ्या बापाला म्हटलं.

“लिहा मॅडम,” ते म्हणाले. “सुखदेव खोब्रागडे.”

मॅडम. त्यांनी मला मॅडम म्हटलं, आणि मी लिहिलं. वय त्यांनी पासष्ट सांगितलं. ते एकाहत्तर वर्षांचे होते. मी पासष्ट लिहिलं. सोबत कोण आहे विचारलं, तर म्हणाले, “कोणी नाई.” तेही लिहिलं.

सरांनी विचारलं, बीपीची गोळी चालू आहे का? बाबा म्हणाले, “एक पांढरी घेतो जी सकाळी. नाव नाई माहीत.” मला माहीत होतं. दर महिन्याला त्या गोळीचं पाकीट मीच नेऊन द्यायची. सर नावासाठी थांबले होते. मी मान खाली घालून पावती फाडत होते.

त्यांना आत नेलं. सलाईन रंजनाने लावली. पाच मिनिटांनी ती काउंटरवर आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, ते बाबा म्हणतेत, गोळीचं नाव तुम्हाले माहीत आहे.”

म्हणजे शेवटी त्यांनी तिला सांगितलं होतं. फक्त तिला. आणि तेही इतकंच.

पुष्पाबाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, “मला काय माहीत? उन्हानं डोकं फिरलं असेल त्यांचं.”

रंजनाने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं, हे मलाही समजलं. ती आत गेली. बाबांच्या खिशातला मोबाईल काढून तिने घरी लावला. माझ्या भावाने पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं. सरांनी औषध बदललं. संध्याकाळी बाबा उठून बसले. भाऊ घ्यायला आला, मला पाहून काउंटरकडे वळला, तर बाबांनी त्याचा हात धरला आणि मला ओलांडून त्याला सरळ दाराबाहेर नेलं.

हे अर्धं माझ्या नवऱ्याला माहीत आहे. मीच त्याला सांगितलं, रडत सांगितलं. रडल्यावर माणसं पुढचं विचारत नाहीत.

पुढचं असं आहे.

रंजनाने कोणाला एक शब्द सांगितला नाही. रोज येऊन काम करायची, ‘मॅडम’ म्हणायची. मला तेच सोसेना. ती समोरून गेली की वाटायचं, आज बोलेल. महिनाभरात मी ठरवून टाकलं की ही इथे नको. चिडून नाही. थंड डोक्याने ठरवलं, आणि चार्ट काढला.

चार्टमध्ये बेरीज सारखी ठेवून माणसाला कसं मोडता येतं, हे चार्ट करणाऱ्यालाच माहीत असतं. ड्युट्या तितक्याच ठेवायच्या, फक्त क्रम बदलायचा. तिला मी दुपारची ड्युटी लावायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची. आठला सुटून पावणेआठची एसटी मिळत नाही. मग एक तर स्टाफरूममध्ये बाकावर झोपायचं, नाही तर नवऱ्याने मोटारसायकलवर त्या जंगलाच्या रस्त्याने घ्यायला यायचं. रात्रपाळी संपली की तोच दिवस तिची आठवड्याची सुट्टी म्हणून लिहायची, म्हणजे सुट्टी झोपण्यात जायची. तिने आठवडाभर आधी काही ठरवलेलं कानावर आलं, की त्याच दिवशी तिचं नाव हलायचं. बाकी सगळ्यांचं चार्टमध्ये छान बसत होतं. बसणारच — सगळ्यांच्या अडचणी मी तिच्या एकटीवर टाकल्या होत्या.

एकदा ती डॉक्टर मॅडमकडे गेली. मॅडमनी चार्ट मागवला, खालच्या बेरजा पाहिल्या. “सगळ्यांच्या सारख्याच तर आहेत, रंजना,” त्या म्हणाल्या. मी तिथेच उभी होते.

चौदा महिने ती टिकली. मग राजीनामा देऊन गेली. पुष्पाबाई हळहळल्या, “चांगली पोरगी होती. काऊन गेली काय माहीत.” मी म्हटलं, “घरची अडचण असेल.”

बाबा त्यानंतर तीन वर्षं होते. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. एकदा फक्त, मी गोळ्या घेऊन गेले तेव्हा म्हणाले, “ती सिस्टर आहे का अजून? तिले सुट्टी देत जा पोरी.” मी म्हटलं, “देते ना बाबा.” तेव्हा तिला जाऊन वर्ष झालं होतं.

यंदा मार्चच्या पंचवीस तारखेला मी चार्टवर चौदा एप्रिलला स्वतःच्या नावापुढे सुट्टी लिहिली. शनिवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की मी बौद्ध आहे, पुष्पाबाईंना खोटं सांगितलं होतं, आणि रंजना रामटेके घरच्या अडचणीने गेली नाही, मी तिला घालवली. कशी घालवली तेही जुने चार्ट टेबलावर ठेवून दाखवलं. डॉक्टर मॅडम बराच वेळ ते कागद उलटत राहिल्या. मी म्हटलं, यापुढे चार्ट शबानाने करावा. त्यांनी मान हलवली. पुष्पाबाईंनी त्या दिवशी डबा वॉर्डातच खाल्ला. अजूनही तिथेच खातात.

दुसऱ्या दिवशी मी पोंभुर्ण्याला गेले. मूलला गाडी बदलून. रंजना आता तिथे एका दवाखान्यात आहे, हे शबानाकडून कळलं होतं. बाहेर पेशंटची रांग होती. तिने मला ओळखलं. बस म्हणाली नाही, आणि मीही बसले नाही. जे तुम्हाला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं, चार्टचंही, एकेक युक्ती उलगडून.

ती हातातले कागद लावत ऐकत होती.

“त्या वर्षी माझी पोरगी पाचवीत होती,” ती म्हणाली. “नवोदयच्या परीक्षेले बसली होती. अभ्यास मीच घ्यायची तिचा. मी घरी नसोच, तर घेईन कवा? तीन मार्कांनी गेलं तिचं.” कागद बाजूला ठेवून म्हणाली, “तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. माफ-बिफ नाई होत मॅडम माझ्याच्यानं.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

तिने दाराकडे पाहून पुढचा नंबर पुकारला. एक बाई लेकराला कडेवर घेऊन आत आली, आणि मी तिला जागा करून बाहेर पडले.