रॉकेलचा डबा आता माझ्याकडे

मंडळी, गंगापूर धरणावरून आत्ताच घरी आलेय. हाताला अजून पेट्रोलचा वास आहे.

आमच्या बोटीचं इंजिन रोज मधेच बंद पडायचं. मेकॅनिक म्हणाला, "ताई, इंजिन संपलंय, नवीन घ्या." मी ऐकलं नाही. आज जुना कार्बोरेटर काढून नवा स्वतः बसवला. दोरी दुसऱ्यांदा ओढली आणि इंजिन सुरू झालं.

तेवढ्यात सासरे सवयीप्रमाणे पेट्रोलमध्ये मिसळायला रॉकेल घेऊन आले. त्याच रॉकेलच्या गाळानं जुना कार्बोरेटर तुंबला होता.

"मामा, या टाकीत आता रॉकेल पडणार नाही."

"लय शहाणी झाली का?"

"हो," म्हटलं आणि डबा हातातून घेतला.

तुमच्याकडे असा डबा कोणी काढून घेतलाय का? आमचा माझ्या स्टोव्हशेजारी आहे. मागायला कोण येतंय, बघतेच.