बारवेतला हात आणि तुकाबाईची मांडी

तुकाबाईनं एक काळं पुस्तक वाचलं आणि तिच्या नवऱ्याची वाचा बसली, असं अवसरी बुद्रुकमध्ये लोक बरेच दिवस एकमेकांच्या कानात सांगत होते. सांगणाऱ्यांत मीही होतो, उगाच साळसूदपणा कशाला करू. पोस्टमनच्या पिशवीला दोन कप्पे असतात. एकात टपाल असतं, दुसऱ्यात गावाची खबरबात. माझा दुसरा कप्पा कायम जड.

तुकाबाई म्हणजे राघूची बायको. दोघांचीही घराणी मूळची मेंढरांची. पुढं मेंढरं कमी होत होत सहा उरली, दीड एकरात बटाटा आला आणि एकुलता मुलगा गोरक्ष मंचरच्या मार्केटला टेम्पो चालवू लागला. राघूचा मात्र थाट वेगळा. वाडीत आपल्या पिढीतला एकटा शिकलेला माणूस म्हणून त्याला मान होता. सदऱ्याच्या खिशाला पेन, आणि रोज सकाळी गेणभाऊच्या चहाच्या हॉटेलात पेपर उघडून बसायचा. पान उलटायचा, मान हलवायचा, “काय दिवस आलेत राव,” एवढं म्हणून पेपर घडी करून ठेवायचा. दिवस कसले आलेत ते कोणी विचारलं की म्हणायचा, “वाचा की, तुमाला काय डोळे नाय का?”

तुकाबाईला अक्षर येत नव्हतं. म्हणून तिचा नवऱ्याच्या शब्दावर फार विश्वास. सगळा घोळ तिथूनच झाला.

चौऱ्याहत्तर साली लग्न झालं आणि त्याच हिवाळ्यात दोघं मेंढरं घेऊन बेल्ह्याच्या बाजूला उतरली होती. आठवडे बाजारात पंचांग, आरतीसंग्रह, भविष्याची पुस्तकं विकणारा एक जण पथारी टाकून बसायचा. त्याच्याकडं भुताखेतांच्या चित्रकथा असत. त्या काळी त्यांचं फार पेव फुटलं होतं. खरखरीत कागद, काळी आणि तांबडी अशी दोनच शाई, आणि चित्रातल्या प्रत्येक माणसाचे डोळे बाहेर आलेले. राघूनं त्यातली एक घेतली. नाव ‘बारवेतला हात’. मुखपृष्ठावर पायऱ्यांची विहीर, तिच्यातून वर आलेला पांढराफटक हात आणि हातात तांबड्या बांगड्या.

नव्या बायकोवर छाप पाडायची होती ना. दुपारी मेंढरं बाभळीखाली बसली की राघू चित्रकथा मांडीवर घेऊन वाचायचा. भुताचं बोलणं नाकातून, बाईचं बारीक आवाजात, सावकाराचं घसा खरवडून. तुकाबाई सांगते, “ऐकताना हातातली भाकर हातातच ऱ्हायची.”

चौथ्या-पाचव्या दिवशी शेवटचं पान आलं. पानावर केस सुटलेली, डोळे वटारलेली एक म्हातारी बारवेच्या काठावर बसलेली. मांडीवर एक पोर. पोराचे डोळे मिटलेले, हात खाली लोंबलेला. राघूनं घसा साफ केला, पानाच्या तळाला बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू सरकवत वाचलं, “जी बाई भर दुपारी बारवेत डोकावंल, तिचा पयला नातू तिच्या मांडीवर असाच निजंल, तो पुन्यांदा उठायचा न्हाई.”

आता हे वाक्य कुठून आलं, ते राघूनंच मला पुढं कधीतरी सांगितलं. मुक्कामाजवळ खरीच एक बारव होती. तुकाबाई रोज दुपारी पाण्याला म्हणून जायची आणि बायकांबरोबर पायऱ्यांवर पाय सोडून तासभर बसायची. कोकरं राघूच्या गळ्यात. ते थांबावं म्हणून त्यानं हा शाप घातला. “पर नातूच का रे?” मी विचारलं. तर म्हणतो, “पोरगा म्हनलो असतो तर तिनं मला तिथंच हाणला असता. नातू लांबचा माल.”

तुकाबाईनं बारवेला जायचं त्या दिवसापासून सोडलं. राघू खूश. पण ती आधीच डोकावली होती. एकदा नाही, रोज. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. पुस्तक टाकून द्यायचीही छाती होईना, टाकलं आणि आणखी काही झालं तर? राघूचं बोट फिरलं त्या ओळींशी तिनं कुंकवाचा ठिपका लावला, म्हणजे चुकूनही तिथं आपला हात लागायला नको. मग पुस्तक जुन्या घोंगडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाला.

तेवीस वर्षं गेली. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गोरक्षची बायको सुप्रिया शिनोलीला माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. बारशाला तुकाबाई कुंची, टोपडं, वाळे, सगळं घेऊन गेली. पाळण्याशी गाणी म्हटली. आणि व्याह्यांकडच्या बायांनी पोराला तिच्यापुढं धरलं तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“घ्या की विहीणबाई,” सुप्रियाची आई लंकाबाई म्हणाली.

“ऱ्हाऊ द्या. माझ्या अंगात कसकस हाय.”

पंधरा दिवसांनी पुन्हा गेली, तेव्हाही कसकस. तिसऱ्या वेळी लंकाबाईनं विचारलंच, “ही कसकस शिनोलीची वेस वलांडल्यावरच येती का वो?” आणि सव्वा महिना झाल्यावर गोरक्ष टेम्पो घेऊन बायकोला आणायला गेला, तर लंकाबाईनं त्याला चहा पाजून रिकामा परत पाठवला. निरोप असा, की ज्या घरात आजी नातवाला शिवत नाही त्या घरात माझी लेक येणार नाही. आजीनं आधी मांडी द्यावी, मग पोर न्यावं.

सुप्रियाची समजूत झाली होती की पोर सावळं म्हणून सासूला आवडत नाही. गोरक्ष आईशी बोलेना. गावात आम्ही होतोच. कोणी म्हणे हिला कसली तरी बाधा आहे, कोणी म्हणे जुनं वैर आहे. आणि तुकाबाई रात्रंदिवस त्या पोराच्या मऊ जावळाचा वास आठवत बसलेली. तो वास तिनं फक्त लांबून घेतला होता.

तिनं राघूला विचारलं, “अवो, त्या पुस्तकात उतारा दिला आसंल का? कुटंतरी आसंलच की.”

“चष्मा फुटलाय,” राघू म्हणाला.

चष्मा नवा केला तर म्हणाला, “नंबर चुकलाय.” गोरक्ष दहावीपर्यंत शिकलेला, पण ज्याच्या पोरावर शाप लिहिलाय त्यालाच तो वाचायला कसा द्यायचा? परक्याला दाखवावं तर बोभाटा. एकच वाट उरली. दिवाळी झाल्यावर तुकाबाई साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली.

वर्ग दुपारी विहारात भरे, कारण पंखा तिथं होता. शिकवायला अंगणवाडीच्या द्रौपदाताई, फार चिवट बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर ‘कमळ’ काढलं. तुकाबाई म्हणाली, “ताई, मला ‘बारव’ शिकवा.”

“मावशी, आधी कमळ. मग घर. बारव लई फुडं हाय.”

“घर मला ठाव हाय. कमळाचं मला काय करायचंय?”

बाकीच्या बाया हसल्या. द्रौपदाताई हसल्या नाहीत. त्यांनी कमळ पुसलं आणि ‘बारव’ काढलं. दुसऱ्या दिवशी तुकाबाईनं ‘मांडी’ मागितली. तिसऱ्या दिवशी ‘नातू’. मग मात्र ताईंनी तिला बाजूला घेतलं, “मावशी, तुमाला नेमकं काय वाचायचंय?” तुकाबाई म्हणाली, “येक पुस्तक हाय. पर ते मीच वाचनार. तुमी फकस्त अक्षरं द्या.”

घरी सराव करायला राघूची चोरी वाटे, म्हणून ती मेंढरांपुढं करायची. बांधावर बसून मोठ्यानं, “बा, बा… रवे, रवेत, त…” बाजूच्या वावरातल्या जानकूनं ते ऐकलं. वाकून बघतो तर हिच्या मांडीवर काळं पुस्तक, वर पांढरा हात. जानकू तिथून निघाला तो थेट गेणभाऊच्या हॉटेलात. “तुकाबाई मंत्र म्हनतीय. मेंढरं पन गप उभी राहून ऐकत्यात.” मेंढरं तशीही गप उभी राहतात, पण हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी ती खबर अर्ध्या तासात पार मळ्यापर्यंत पोचवली. तेवढ्या वेगानं मी कधी मनिऑर्डरही पोचवली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी वर्ग सुटल्यावर तुकाबाई विहारात मागं राहिली. ट्रंकेतलं पुस्तक तिनं द्रौपदाताईंपुढं ठेवलं, शेवटचं पान उघडलं आणि म्हातारीच्या डोक्यावरच्या चौकटीतली अक्षरं एकेक करून वाचू लागली. ताई सांगतात, घामानं बाईचा पदर भिजला होता. “आणि… बारवेतल्या… हातानं… वर… दिलेला… नातू… आजीच्या… मांडीवर… गाढ… झोपला. समाप्त.”

“पुन्यांदा वाचू का?” तिनं विचारलं.

“वाचा.”

दुसऱ्यांदा वाचलं. मग मागची सगळी पानं. त्याला दोन तास लागले. गोष्ट अशी, की बारवेत बुडून मेलेली एक बाई पायऱ्यांवरून घसरलेल्या पोरांना खालून हात देऊन वर काढायची. ती म्हातारी पोराची सख्खी आजी. केस सुटलेले होते ते धावत आल्यामुळं, डोळे वटारलेले होते ते रडल्यामुळं. आणि पोर मेलं नव्हतं, दमलं होतं. चित्र तेच होतं. तेवीस वर्षं तुकाबाई त्यातल्या आजीला घाबरली होती.

त्याच दिवशी तिनं गोरक्षला टेम्पोतले बटाटे उतरवायला लावले. “शिनोलीला घे.”

लंकाबाई दारातच उभी होती. “कसकस हाय का ग्येली?”

“ग्येली,” तुकाबाई म्हणाली आणि ओसरीवर फतकल मारून बसली. पदर पसरला. सुप्रियानं पोर तिच्या मांडीवर ठेवलं. पोरगं हसलं नाही, रडलं नाही. पहिला मान म्हणून त्यानं आजीचं लुगडं भिजवलं.

“झाली वळख,” लंकाबाई म्हणाली.

सगळे हसले. मग ते पोर तिथंच झोपलं. डोळे मिटलेले, एक हात खाली लोंबलेला. तुकाबाई चित्रासारखी बसली. चहा आला, घेतला नाही. पाय मुंग्यांनी भरले, हलवले नाहीत. सुप्रिया म्हणाली, “आत्याबाई, द्या, पाळण्यात टाकते.” तर नुसती मान हलवली. वाचलं होतं तिनं, दोनदा वाचलं होतं, पण तेवीस वर्षं एका दुपारीत धुऊन निघत नाहीत. पाऊण तासानं पोरानं जांभई दिली, डोळे उघडले आणि भुकेनं भोकाड पसरलं. तेव्हा तुकाबाईनं असा श्वास सोडला, की लंकाबाई म्हणते, चुलीतली राख उडाली. मग तीही पोराबरोबर रडली आणि थंडगार चहा एका घोटात प्यायली.

सुप्रिया त्याच टेम्पोतून सासरी आली.

आणि दुसऱ्या दिवसापासून राघू मुका झाला. हॉटेलात यायचा, बसायचा, पेपरला हात लावायचा नाही. “काय दिवस आलेत” सुद्धा नाही. आठ दिवस हे चाललं. गावानं निकाल लावला: काळं पुस्तक पुरं वाचून झालं आणि राघूची वाचा बसली.

मला काही चैन पडेना. टपाल नसताना मी तुकाबाईच्या अंगणात गेलो. ती नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. विचारलं, “वहिनी, खरं सांगा. राघूला काय केलंत?”

“कायसुदिक न्हाई, भाऊ. शिनोलीहून आले, पुस्तक त्यांच्या म्होरं ठिवलं आन् म्हनलं, हितं कुकवाचा ठिपका हाय, हितंच तवा बोट फिरवलं व्हतं तुमी. पुन्यांदा वाचा.”

“मग?”

“वाचलं की. शबुद न शबुद. निजंल, तो पुन्यांदा उठायचा न्हाई.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हननार? म्हनलं, च्या घेता का.”

तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, “ते हायेत तवर हे तुमच्या पिशवीतच ठिवा.” मी ठेवलं. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल याचा विचार करा. पण राघूचे आठ दिवस संपले, नवव्या दिवशी तो नातवाला खांद्यावर घेऊन हॉटेलात आला आणि पुन्हा बोलू लागला. पेपर तेवढा कायमचा सुटला. दोन हजार पाच साली तो गेला, म्हणून आता बोलतो.

कुंकवाच्या ठिपक्याशी, पानाच्या तळाला, शाप नव्हता. तिथं जाहिरात होती: ‘केस गळतात? कोंडा होतो? आजच आमचे माक्याचे तेल वापरा.’

वीस वर्षं मी त्या माणसाला पत्रं नेऊन दिली. दर वेळी तो म्हणायचा, “निवांत वाचतो,” आणि खिशात घालायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

राघूला वाचता येत नव्हतं.