दोन साच्यांमधली वाट

"तुझा बाप या दोन साच्यांमधून डोळे मिटून फिरायचा. तू तर तिरका होऊनसुद्धा जात नाहीस," जॉबर म्हणाला आणि खातं फिदीफिदी हसलं.

वडील जाऊन महिना झाला होता. परळच्या एका गिरणीत ते विणकर होते. पट्ट्यावर चालणारे दोन माग, म्हणजे आमच्या भाषेत साचे, त्यांच्याकडे होते आणि त्या दोन साच्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत त्यांचा जन्म गेला. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आमच्या गावचा, म्हणून त्याने ती जागा माझ्यासाठी राखली होती. पण पहिल्याच दिवशी वळताना माझा सदरा चालत्या पट्ट्यात गेला. जॉबरने झडप घालून साचा थांबवला म्हणून सदऱ्यावरच निभावलं.

"दिवाळीपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "पोट उतरव, नाहीतर गोदामात गाठी उचल. विणकराच्या जागेवर शंभर जणांचा डोळा आहे."

श्रावण नुकताच लागला होता. मी वीस वर्षांचा, आणि धीर नावाची चीज देवाने माझ्यात घालायचीच विसरली होती. उद्याची गोष्ट मला आजच हवी असायची. मी दिवसातून चार वेळा आरशासमोर उभा राहून कंबर चाचपायचो आणि पोट जागच्या जागी बघून स्वतःवरच चिडायचो.

पोट काही आकाशातून पडलं नव्हतं. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आईची खानावळ होती. कोकणातून एकटे आलेले वीस-बावीस गिरणी कामगार पाळीपाळीने जेवून जायचे. अन्न टाकणं तिला पाप वाटायचं आणि शिळं वाढणं त्याहून मोठं पाप. त्यामुळे भांडं घासायला टाकण्याआधी ते माझ्यासमोर यायचं. लहानपणापासून टोपं रिकामी करणं हेच माझं घरकाम. शिवाय नवा गडी चौकशीला आला की आई मला उंबऱ्यात उभं करायची आणि म्हणायची, "माझ्या हातचा जेवाण कसा आसा ता बघूचा आसात तर ह्येका बघा!"

आता खानावळीच्या या चालत्याबोलत्या जाहिरातीलाच बारीक व्हायचं होतं.

आमच्या भागात अंगाची काळजी घ्यायची म्हणजे तालमीत जायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मीही गेलो. वस्तादाने दंड-बैठका सुरू केल्या आणि त्यासोबत खुराक सांगितला: दूध, तूप, भिजवलेले बदाम. तिथे रोड पोरं पैलवान व्हायला येत. बारीक व्हायला आलेला मी पहिलाच असेन, आणि ते सांगायची मला लाज वाटली. आई तर हरखून गेली. गौरी-गणपतीत मोदकही रिचवले. अनंत चतुर्दशीला नवा सदरा घालायला गेलो तर छातीबरोबर पोटाचंही बटण लागेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते असं. एक महिना हकनाक गेला होता. त्या दिवशी मी घरात सगळ्यांवर ओरडलो.

मला वाचवलं ते माझ्या एका मित्राने. भोईवाड्याच्या चाळीत राहणारा, आमच्याच गिरणीत सुताच्या खात्यात कामाला. काटकुळा, तरातरा चालणारा, जिभेने तिखट. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापली होती आणि पाळी सुरू होण्याआधी तो चाळीचाळींतून पत्रकं वाटायचा. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "तालीम सोड. उद्या पाचला नाक्यावर ये. तळमजला, पहिला माझा. वरचे सगळे मजले तुझे."

पहिल्या दिवशी दुसऱ्याच चाळीत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. लाकडी जिना कुरकुरत होता आणि खालून हा ओरडत होता, "ए, जिना मोडू नको रे! लोक राहतात इथे!" भोईवाड्यातून हिंदमाता, तिथून दादर, परत परळ. रविवारी भायखळ्यावरून पार गिरगाव. तो थांबायचा नाही. मी धापा टाकत मागे, आणि तोंडाने शिव्या. पण एक झालं. आतली ती तगमग, जी मला बसू देत नव्हती, झोपू देत नव्हती, ती चालताना पायांत उतरायची आणि तासभर तरी डोकं मोकळं व्हायचं. म्हणून मी रोज गेलो. शहाणपणाने नाही.

घरचं प्रकरण अवघड होतं. मी टोपाला नाही म्हटलं त्या दिवशी आईचा चेहरा उतरला. "माझा जेवाण गोड लागणा नाय?" एवढंच तिने विचारलं. जेवणारे गंमत करायचे, "मावशी, घरचाच पोरगा वाळला, आमचं काय व्हायचं?" ते तिला फार लागायचं. दोन आठवडे ती माझ्याशी धड बोलली नाही. मग एका सकाळी पाहिलं, ती मापून घेतलेल्या तांदळातल्या दोन मुठी परत काढत होती. मला बघून पदराने हात पुसत म्हणाली, "बापाशीची जागा मेळूक व्हयी." मी पायांत वहाणा सरकवून बाहेर पडलो.

धनत्रयोदशीला जेवणाच्या सुट्टीत साचे थांबले तेव्हा जॉबरने मला बोलावलं. दोन साच्यांमधल्या वाटेत मी शिरलो, वळलो, परत आलो. कुठेच घासलो नाही. कोणी हसलं नाही. जॉबर म्हणाला, "ये परवापासून."

भाऊबीज झाल्यावर नाक्यावर भेटताच मी मित्राला सगळं एका दमात सांगितलं. साचा कसा लावला, सुताची कांडी कशी बदलली, आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वास ओढला की धागा कसा सर्रकन बाहेर येतो. आणि त्या आनंदाच्या भरात म्हणालो, "अरे, तूही जॉबरला विचार ना! तुझे हात माझ्यापेक्षा चपळ, अंगाने तर काडी. सुताच्या खात्यात कशाला मरतोस? इथे मजुरी दुप्पट."

तो थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच थांबला.

"तू ज्या धोट्याला तोंड लावतोस त्याला दुसऱ्या पाळीचा माणूसही तोंड लावतो ना?" तो म्हणाला. "माझं तोंड लागलं की तो लावणार नाही. म्हणून आमच्या माणसाला त्या खात्यात घेत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही धर्म बदलला, बुद्धाचे झालो. धोटा तोच आहे. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत होतं. गिरणीत सगळ्यांना माहीत होतं. दोन महिने तो मला त्या जागेसाठी जिने चढवत होता आणि मला एकदाही ते आठवलं नव्हतं. हातातल्या पत्रकांवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, मराठी माणूस एक आहे.

"चल," तो म्हणाला, "अजून चार चाळी बाकी आहेत."

त्या दिवशी मी ठरवलं की त्याच्यासाठी जॉबरला विचारायचंच. संपूर्ण पाळीत तेच शब्द जुळवत होतो, दोनदा धागा तुटला. सुट्टी झाल्यावर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काय रे?" जॉबर म्हणाला. "साचे झेपत नाहीत काय?"

"झेपतात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाचला मित्र नाक्यावर उभा होता. त्याने पत्रकांचा अर्धा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि मी वरच्या मजल्यांकडे निघालो.

गिरणी गेली, मित्र गेला. मी अजून पहाटे पाचला चालायला निघतो, अंगावर मांस चढलेलं नाही. शेजारचे नातवंडांना माझं उदाहरण देतात. मी भराभर चालतो, पण जॉबरसमोर तोंडातून निघालेला तो एक शब्द काही मागे पडत नाही.