भिंतीतला डावा बूट

थिर्झा गॅरडच्या घरात एकही कोपरा काटकोनात नव्हता. वरच्या मजल्यावर चेंडू ठेवला, तर तो आपणहून घरंगळत चिमणीपाशी जाऊन थांबे. ओकचे खांब, मध्ये काठ्यांचा कूड, वर चिखल आणि चुना. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं हे शेतघर चारशे वर्षं स्वतःच्याच अंगावर रेलून उभं होतं, पबमधून परतणाऱ्या दोन दोस्तांसारखं.

थिर्झा एक्क्याऐंशीची, खुबा नुकताच बदललेला. झोपायची खोली वर, आणि चिमणीला वळसा घालून चढणारा जिना म्हणजे शिडीचा सख्खा भाऊ. पलंग खाली आणायचा, तर स्वयंपाकघर आणि दूधघर यांच्यामधली भिंत पाडायला हवी. नाहीतर मुलगा क्लाइव्ह तिला आपल्या नव्या घरी न्यायला टपलेलाच होता. तिथले सगळे कोपरे सरळ होते.

"तिथे मी आठवड्यात मरेन," ती म्हणे. "कंटाळून."

पण घर पडलं सरकारी यादीतलं, जुनं म्हणून जपायचं. खिळा ठोकायचा तरी कौन्सिलच्या पेनफोल्डसाहेबांची परवानगी हवी. ते आले चकचकीत तपकिरी बूट घालून, आणि भिंतीतला खांब मांजर कुरवाळावं तसा कुरवाळू लागले.

"सोळाशे वीस," ते पुटपुटले.

"एकोणीसशे शहात्तर," थिर्झा म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं बांधली. त्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला, आणि त्यात सासू राहायला आली. आम्हा दोघींच्या मध्ये काहीतरी हवं होतं."

"मिसेस गॅरड, लाकूड खोटं बोलत नाही."

"लाकूड पडक्या कोठारातलं आहे, बाळा. नवं विकत घेतलं असतं तर माझ्या रूबेनची बोटं झडली असती."

साहेबांनी फायलीत काहीतरी लिहिलं. थिर्झाला उलटं वाचता येत होतं. 'अर्जदार वृद्ध. स्मरणशक्तीचा भरवसा नाही.'

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "भिंत बांधताना आत जोडा पुरतात, ठाऊक असेल तुम्हाला."

साहेबांचा चेहरा उजळला. "चेटकीण आत शिरू नये म्हणून. मी पुस्तिका लिहिली आहे त्यावर. सापडलेला जोडा घराबाहेर न्यायचा नाही, आणि त्याची जागा रिकामी ठेवायची नाही."

"रूबेननंही पुरला. चेटकीण तेव्हा दूधघरात जेवत बसली होती, पण रीत ती रीत. फोडा. चुलीच्या डावीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर."

साहेबांना मोह आवरला नाही. कोट काढून ते छिन्नी घेऊन बसले. चुना पडला, पेंढा पडला. मग त्यांनी हात घालून ओढला तो हिरवा रबरी गमबूट. डावा. टाचेपाशी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.

ते ठिगळ थिर्झानंच लावलं होतं. तिनं बुटात हात घातला. अंगठ्यापाशी रूबेनच्या पायाचा खळगा अजून होता. मग ती काठी टेकत मागच्या दारापाशी गेली आणि गेली कित्येक वर्षं दार अडवायला ठेवलेला उजवा बूट आणून शेजारी ठेवला.

"सतराव्या शतकात रबर मिळायचं का हो?"

साहेबांनी फायलीतलं 'सोळाशे वीस' खोडलं, मग स्मरणशक्तीची ओळही. "पाडा भिंत. परवानगीचं पत्र दोन महिन्यांत येईल."

"आणि तोवर हे भोक?"

"बूट परत ठेवू."

"हा आता माझ्या पलंगाखाली राहील. घराबाहेर जात नाहीये." तिची नजर हळूहळू खाली उतरली आणि साहेबांच्या तपकिरी बुटावर स्थिरावली. "पण जागा रिकामी ठेवायची नाही, असं कुणीतरी पुस्तिकेत लिहिलंय."

"मिसेस गॅरड, हे बूट नवे आहेत."

"भिंत पडली की घेऊन जा. पत्र लवकर आलं तर बूटही लवकर मिळेल."

"अहो, मला गाडी चालवत परत जायचंय."

"डावाच तर मागतेय. क्लच मोज्यानंही दाबता येतो," थिर्झा म्हणाली. "रूबेननं त्या साली ट्रॅक्टरवर अख्खी कापणी तशीच केली."