पेवात राहिलेली बॅटरी

साताऱ्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून मी अर्ज लिहीत असे. शिक्षण सातवीपर्यंतचे, तथापि माझ्या मसुद्यात काही उणे राहिले, असे कोणा अधिकाऱ्याने कधी म्हटले नाही. कोणतीही गोष्ट जितक्या कलमांत बांधावी तितकी ती पक्की होते, अशी माझी त्या काळी धारणा होती. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात माझा सैन्यातला धाकटा भाऊ परदेशातील शांतिसेनेतून परतला, तेव्हा त्याने मला एक बॅटरी आणली. ती हाताळल्यावर तर माझी ही धारणा अधिकच दृढ झाली.

आपल्याकडच्या पत्र्याच्या बॅटरीला एक सरकती कळ. पुढे ढकलली की उजेड, मागे ओढली की अंधार. या बॅटरीलाही बटण एकच होते. पण ते एकदा दाबले की मंद उजेड, दोनदा दाबले की प्रखर, आणि तीनदा दाबले की आपोआप उघडझाप. शिवाय बटण दाबून धरले की तो उजेड ती लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होई. सोबतचा इंग्रजी कागद मी शब्दकोश घेऊन चार संध्याकाळी वाचला आणि त्यावरून मराठीत अकरा कलमांची नियमावली तयार केली.

वैशाखात मी ती बॅटरी घेऊन सांगलीजवळ हरिपुरास बहिणीकडे गेलो. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, हळदीच्या पेवांत उतरणारे हमाल होते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले कोठार. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढे. आत मात्र चार पुरुष खोल आणि खोलीसारखे रुंद. आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून तोंड उघडून बराच वेळ तसेच ठेवतात आणि मग जळता कंदील आत सोडून पाहतात. तो विझला नाही तरच माणूस उतरतो. धुळीसाठी तोंडाला फडके बांधलेले असते. खालची हाक वर पोचत नाही. त्यामुळे खुणा सगळ्या उजेडाच्या. स्थिर उजेड म्हणजे काम चालू आहे. उजेड विझू-पेटू लागला की माणसाला वर ओढायचे. आणि आत उजेड असताना पेवाचे तोंड झाकायचे नाही, असा तिथला रिवाज होता. कारण उजेड आहे म्हणजे माणूस आहे.

पेवाच्या काठावर मी नियमावली वाचून दाखवली. सातव्या कलमावर माझा विशेष भर होता: संकटसमयी तीनदा दाबावे, हात गळाला तरी खूण चालू राहील.

दोर सांभाळणारा म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "पावणं, हिला दाबायचं, का हिच्याकडं अर्ज करायचा?"

"आवं आबा, आसू द्या," दाजी हसले. "साताऱ्यास्नं आणलीया. बघू तर खरं."

कंदील तळाला जाऊन जळतच वर आला. दाजी कमरेला दोर बांधून उतरले. थोड्याच वेळात खाली उघडझाप सुरू झाली. म्हाताऱ्याने आणि त्याच्या जोडीदाराने घाईने दोर ओढला, तर दाजी धडधाकट आणि चिडलेले.

"वडलं कशाला गा? उजेड वाढवाय गेलो, एकदा जादा दाबलं."

दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. "पावणं," दाजी म्हणाले, "तुमची बॅटरी मला पोत्यागत वरखाली करतीया!" सगळे हसले. ते हसणे मला लागले. मी प्रखर उजेड बॅटरीत पक्का केला आणि सर्वांना बजावले, "आता उघडझाप झाली तर थांबा. चुकून दाबले गेले असेल. दाजी स्वतः नीट करतील."

खालची रास उकरली की तिच्यात अडकलेली हवा सुटते, हे मला नंतर कळले. तिसऱ्या खेपेस बराच वेळ उजेड स्थिर होता. मग उघडझाप सुरू झाली. म्हातारा दोराकडे वळला. मी हात आडवा धरला.

"थांबा. नीट बघा. माणसाच्या हाताची खूण मागेपुढे होते. ही यंत्राची आहे."

खरोखरच ती कमालीची एकसारखी होती. डोक्यावर रणरणते ऊन, आणि पायाशी त्या काळ्या तोंडात पिवळी धूळ उजळत होती, विझत होती, उजळत होती. मी वीसपर्यंत मोजले.

"यंत्राची हाय, खरं हाय," म्हातारा म्हणाला. "मग माणसाची कंची?"

त्याने माझा हात झटकला आणि दोघांनी दोर ओढला. दोर जड आला. दाजींची मान लोंबत होती, ओठ निळे पडले होते, हात रिकामे होते. सावलीत निजवून वारा घातला, तोंडावर पाणी मारले. फार वेळाने त्यांना उलटी झाली आणि डोळे उघडले. माझ्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "तीनदा दाबली हुती. कुणी वडंनाच."

जोडीदार त्यांना टेंपोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेला. काठावर म्हातारा आणि मी असे दोघेच उरलो. तेवढ्यात मिरजेच्या अंगाने वळवाचे ढग चढले. पाणी आत गेले असते तर सगळी हळद गेली असती. झाकणाची फरशी शेजारीच होती. आम्हां दोघांपैकी कोणीच तिला हात लावीना. खाली उजेड होता.

अंगठा आणि रबरी शिक्का यांतला फरक मी आयुष्यभर लोकांना समजावीत आलो. अंगठ्याला माणूस हजर लागतो, शिक्क्याला लागत नाही. साध्या बॅटरीची उघडझाप अंगठ्यासारखी असते. खाली चालला होता तो शिक्का. आणि तरीही तो बोलावत होता. मी वाकून पाहिले. दाजी पडले होते तिथे हळदीत त्यांच्या अंगाएवढा खळगा झाला होता. कडेची हळकुंडे त्यात घसरत असावीत. दर उजेडाला तो थोडा वेगळा दिसे, कूस बदलल्यासारखा.

पहिले थेंब पडले. म्हाताऱ्याने दोर पुन्हा आत सोडला. कमरेला गाठ मारायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो थांबला.

"धरा," तो म्हणाला.

आम्ही रिकामा दोर ओढू लागलो. मी घाई करताच तो खेकसला, "हळू वडा. डोकं लागंल त्याचं."

फास वर आला. म्हाताऱ्याने तो हातात घेतला, चाचपला, सैल केला आणि बाजूला जमिनीवर अलगद ठेवला.

"आला वर," तो म्हणाला. "आता झाका."

फरशी सरकवून आम्ही कडेने चिखल लिंपू लागलो. शेवटच्या फटीतून उजेड माझ्या बोटांवर येत होता, जात होता. ती फट मला लिंपवेना. ती म्हाताऱ्याने लिंपली.