आडवं बोअर

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात सणसरला आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला आणि रानातला ऊस माना टाकू लागला. वडिलांनी विहिरीत आडवं बोअर मारणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

अंगानं तो वाळका होता. मशीनच्या आवाजानं त्याचे कान गेले होते, त्यामुळं बोलणाऱ्याच्या ओठांकडं तो टक लावून बघायचा. दोराच्या पाळण्यातून तो खाली उतरला, काळ्या खडकावर हातोडी ठोकत चहूकडून फिरला आणि मान वर करून त्यानं विचारलं, "शेजारची हीर कुठल्या अंगाला हाय?"

वडिलांनी उगवतीकडं हात केला. मला वाटलं, दुसऱ्याचं पाणी तुटू नये म्हणून विचारतोय. भला माणूस दिसतो.

त्यानं मशीन उगवतीलाच लावलं.

दुपारपर्यंत खडकातून मनगटाएवढी धार लागली. वर येऊन बिडी पेटवत तो म्हणाला, "पाणी नवं न्हाय, तात्या. दोन्ही हिरींना एकच चीर हाय. जो जास्ती खालनं भोक पाडंल, त्याचं."

वडिलांनी त्याला जेवायला वाढलं.

आठवड्याभरानं मी शेजाऱ्यांच्या बांधावरून चाललो होतो. त्यांच्या कोरड्या विहिरीतून हातोडीचे ठोके ऐकू येत होते. ते थांबले आणि खालून तोच आवाज आला, "शेजारची हीर कुठल्या अंगाला हाय?"

काठावरच्या शेजाऱ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मावळतीकडं हात केला.